हवामान खात्याचा हलता देखावा

मुंबईत आलो तेव्हा मला एकच काम येत होतं, पडदा ओढायचं. आमच्या गोंदियाकडे धानाची कापणी झाली की गावोगाव नाटकं लागतात. आठवीत असताना अशाच एका नाटक कंपनीच्या मागे गेलो आणि पुन्हा शाळेत बसलो नाही. पडदे ओढले, पडदे रंगवले, कोणी वाक्य विसरला तर आतून सांगितलं. पुढे कंपनीच बसली. मग एका पेंटरच्या ओळखीनं काळाचौकीत मास्तरांकडे आलो.

मास्तर हलते देखावे करायचे. गणपतीत मंडपात मूर्तीच्या बाजूला जे पुतळे मान हलवतात, तलवार उगारतात, जातं ओढतात, ते. मूळचे मालवणकडचे, गिरणीत फिटर होते. गिरणी बंद झाली तसे ते पुतळ्यांकडे वळले. वायपरची मोटर, सायकलची चेन, पुली, जुने बेल्ट, यांतून ते माणूस उभा करायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "जेवलंस काय?" मी हो म्हणालो. चेहऱ्यावरून त्यांना कळलंच. "मेल्या, खोटा बोलतंस तर नीट तरी बोल," म्हणाले आणि स्वतःचा डबा पुढे सरकवला. पुढची सगळी वर्षं मी त्यांच्या शेडमध्येच झोपलो, त्यांच्याच घरून आलेलं खाल्लं. हे सगळं लिहितोय ते त्याच्यामुळे. लिहून त्यांचं काही भलं होणार नाही, तेही मला कळतं.

लालबाग, परळ, भोईवाड्याची मंडळं एके काळी मास्तरांकडे चकरा मारायची म्हणे. मी आलो तेव्हा थोडी उरली होती, आणि बघता बघता एकच उरलं, आमच्या चाळीचं. शेडही त्याच चाळीच्या आवारात. बाकीच्या मंडळांनी मूर्तीची उंची वाढवली आणि बाजूला एलईडी स्क्रीन लावली. आमचा अध्यक्ष तरुण पोरगा, बँकेत नोकरीला. वाईट नव्हता. उलट जे असेल ते तोंडावर सांगायचा. त्या वर्षी जूनच्या मीटिंगमध्ये त्यानं सांगून टाकलं, "मास्तर, हे एक वर्ष बघू. देखाव्यापुढे लोक थांबले तर पुढच्या वर्षी पण तुम्हीच. नाही थांबले तर आपण पण स्क्रीन लावू. राग नका मानू."

"राग कसलो," मास्तर म्हणाले.

आम्ही शेडकडे परत निघालो. मीच विचारत राहिलो, लोक थांबले म्हणजे किती थांबले पाहिजेत, कोण ठरवणार, मोजणार कोण. ते म्हणाले, "तू आधी भियाचा बंद कर." पण त्यांची मान खाली होती. आमचं पोट, त्यांची ओळख, सगळं आता लोक थांबण्यावर होतं.

विषयही त्याच मीटिंगमध्ये ठरला होता. पावसाचे दिवस, त्यामुळे हवामान खात्यावर विनोद चालू होते. एक जण म्हणाला, ते सांगतात त्याच्या उलट करायचं, छत्री बरोबर निघते. सगळे हसले. तिसऱ्या मजल्यावरचे काका कोपऱ्यात बसले होते. सगळी नोकरी त्यांनी त्याच खात्यात, गावोगावहून हवामानाच्या तारा यायच्या त्या खोलीत केलेली. काका बौद्ध. मूर्तीपुढे हात जोडत नसत आणि त्यांना कोणी जोडा म्हणतही नसे, पण चाळीची मीटिंग त्यांनी कधी चुकवली नाही. ते म्हणाले, "हसा, हसायला काय जातंय. पण हे खातं नव्हतं तेव्हा काय होतं, सांगेल कोणी?"

कोणालाच सांगता येईना.

"मग त्याचाच करा की देखावा."

अध्यक्षानं मान डोलावली. "विषय भारी आहे काका. आजपर्यंत कोणी केला नसेल."

कोणी का केला नाही ते आम्हाला जुलैत कळलं.

निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं. नाटकात होतो म्हणून मला लिहिता येतं असा सगळ्यांचा समज होता. दुपारी जेवण झालं की मी काकांच्या खोलीत जायचो. ते पलंगावर, मी खाली. शब्द अडला की ते स्वतः खाली वाकून माझ्या कागदावर लिहून द्यायचे, आणि "आठवीपर्यंत तरी शाळा शिकलास का रे खरंच?" असं विचारायचे. मी म्हणायचो, आठवीत बसलो होतो काका, शिकलो असं म्हणता येणार नाही. मला इतकं समोर बसवून कोणी शिकवलं नव्हतं.

काकांनी सांगितलं ते असं. इंग्रजांच्या वेळी हवामान बघणारी माणसं देशात होती, पण जो तो आपापल्या ठिकाणी. मद्रासचा माणूस मद्रासचं लिहायचा, मुंबईचा मुंबईचं. कोणी सकाळी बघायचा, कोणी दुपारी. यंत्रंही सारखी नव्हती. एकाचं दुसऱ्याला काही कळवायचं नाही. मग कलकत्त्याला समुद्रातून मोठं वादळ आलं. नदीतली जहाजं काठावर येऊन पडली, माणसं किती गेली त्याला हिशेब नाही. पुढे दोनदा पाऊस दगा देऊन गेला आणि दुष्काळ पडला. तेव्हा सरकारला वाटलं की सगळ्या देशाचं हवामान एका ठिकाणी यायला हवं. एक कार्यालय काढलं, वर एक साहेब बसवला. हुद्दा रिपोर्टर.

"रिपोर्टर? पेपरवाला?"

"पेपरवाला नाही. कळवणारा. त्याचं काम एवढंच, आकाशात काय चाललंय ते सरकारला कळवायचं."

साहेबाला माणसं कुठली मिळणार? पोस्टमास्तर, शाळामास्तर, दवाखान्यातले कंपाउंडर, असे लोक जोडले. त्यांनी आपलं काम सांभाळून ठरल्या वेळी बाहेर यायचं, पारा बघायचा, पावसाचं भांडं बघायचं, वारा कुठून येतोय ते बघायचं आणि तार करायची. साहेबानं डोंगरातल्या बर्फाचेही आकडे मागवले. हिमालयात उशिरापर्यंत जास्त बर्फ राहिला की खाली पाऊस रडतो, असं त्याच्या ध्यानात आलं होतं.

"मग अंदाज?" मी विचारलं.

"अंदाज नंतर. आधी नुसतं जमवणं. आज काय झालं ते रोज लिहायचं, आणि सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं. एखाद्याचं बघायचं राहिलं तर ती जागा मोकळी सोडायची. मनानं भरायचं नाही." काकांनी वाकून माझं लिहिलेलं बघितलं. "लोकांना वाटतं खातं म्हणजे उद्याचं सांगणारं. ते उभं राहिलं ते असल्या लोकांवर, ज्यांनी आयुष्यभर फक्त आजचं लिहिलं. त्यांच्यातले कितीतरी अंदाज बघायच्या आधीच मेले."

हे सगळं लिहून मी धावत शेडमध्ये आलो आणि मास्तरांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विडी कानावर ठेवून म्हणाले, "गजाल चांगली आसा. पण सगळी बसान आसत आणि आकडे लिवतत. ह्येच्यात मी हलवू काय?"

मी कागद पुन्हा चाळला. रात्रीच्या नाटकातही माणूस मेला की जोरात मरतो. इथं एक पोस्टमास्तर पारा बघतो आणि आत जातो.

शेवटी अध्यक्ष, काका आणि मास्तर यांनी मिळून ठरवलं. पहिल्या प्रवेशात कलकत्त्याचं वादळ, त्यात जहाजं हलणार. दुसऱ्यात पोस्टमास्तर वाकून पारा बघणार. तिसऱ्यात मधोमध साहेब, भिंतीवर देशाचा नकाशा, आणि साहेबाचा उजवा हात पेन्सिल घेऊन नकाशावर वर-खाली जाणार. शेवटी बंदरावर वादळाचा बावटा चढणार आणि होड्या परत येणार. शेवटचा प्रवेश अध्यक्षाचा. "सणाच्या दिवशी लोकांना रडवून घरी नाही पाठवायचं," म्हणाला.

काकांना ते पटलं नव्हतं. ते शेडमध्ये येऊन होड्यांचा बेल्ट बघत उभे राहिले. "बावटा बंदरावर चढतो. जे अजून निघाले नाहीत त्यांना तो दिसणार. जे आधीच आत गेलेत त्यांना कोण दाखवणार? काही होड्या न आलेल्या दाखवा ना."

"बेल्ट गोल आसता काका," मास्तर म्हणाले. "गेलेला परत येताच. माका दुसरा काय जमणा नाय."

काका हसले आणि त्यांनी तो विषय सोडून दिला.

मास्तरांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. स्क्रू पकडला की तो पान्यातून निसटायचा. मी उचलून द्यायचो आणि दोघंही काही झालंच नाही असं करायचो. साहेबासाठी नवीन तोंड करायचं तर साचा पाहिजे, आणि साच्याला हात स्थिर पाहिजे. म्हणून त्यांनी माळ्यावरून आदल्या वर्षीचं तोंड काढलं. आदल्या वर्षी आम्ही एका गावातल्या महाराजांचा देखावा केला होता. खरे कोणी नव्हेत, नाटकातल्या गोष्टीतले, रोग्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला बरं करणारे. तेच तोंड, तेच अंग, उजव्या हाताची मोटरही तीच. दाढी खरवडली, मिशी लावली, गोरा रंग मारला, कोट चढवला, वर टोपी.

मोटर लावून बघितली तेव्हा मी म्हणालो, "मास्तर, हा हात आशीर्वादासारखाच जाऊन राहिला."

"जाऊन राहिला नाय, जाता म्हण. आणि हातात पेन्सिल दिलंय मा. आशीर्वाद देणारो पेन्सिल धरता काय?"

पेन्सिल म्हणजे लाकडाचा रंगवलेला दांडका. गणपतीच्या पहिल्या दिवशी सकाळी पूजा झाली, देखावा सुरू झाला, आणि दुपारच्या आत हाताला हिसके बसून ती पेन्सिल निसटली. पडली ती थेट होड्यांच्या मागे. आम्ही शेडमध्ये होतो. कोणाला कळलं नाही.

मी मंडपात आलो तेव्हा समोर रांग थांबलेली. माझा जीवच गेला, वाटलं शॉर्ट सर्किट झालं. पण तसं काही नव्हतं. शेजारच्या चाळीतल्या एक मावशी साहेबासमोर डोळे मिटून हात जोडून उभ्या होत्या. साहेबाचा रिकामा हात वर जात होता, खाली येत होता, वर जात होता.

"मावशी, हे हवामान खात्याचे साहेब आहेत," मी हळू सांगितलं.

"आम्हाला कळत नाही काय रे? गेल्या साली इथंच होते. माझ्या सुनेला गुण आला." आणि त्यांनी ओंजळीतली फुलं नकाशाखाली ठेवली.

पाठीमागच्या पोरांनी हे मोबाइलवर घेतलं. त्यांच्यात एक म्हणाला, "साहेब, ऑफिसला सुट्टी मिळू दे, उद्या मुसळधार पाड." दुसरा म्हणाला, "अरे डोकं टेक, नाही तर ऑरेंज अलर्टवरच ठेवील." संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळीकडे गेला. दुसऱ्या दिवशी दादरहून, गिरगावहून माणसं आली. काही हसायला आली होती, काही खरंच हात जोडायला, आणि एकाच रांगेत उभी राहिली की कोण कशाला आलंय ते मला ओळखता येईना. कोणी साहेबाच्या गळ्यात हार घातला. कोणी समोर नारळ फोडला, त्याचं पाणी पोस्टमास्तरच्या मोटरमध्ये गेलं आणि पोस्टमास्तर वाकलेलाच राहिला.

मास्तरांनी पेन्सिल शोधून काढली. खिळा आणि तार घेऊन ते साहेबाच्या मागे चढत होते तेवढ्यात अध्यक्ष आला.

"मास्तर, काय करताय?"

"पेन्सिल बसयतंय."

"नको, मास्तर. राहू दे. लोक त्याच्यासाठीच येतायत." मग आवाज खाली करून, "तुम्हीच बघा ना, थांबलेत की नाही? तुम्हाला हेच पाहिजे होतं ना?"

मास्तर शिडीवर तसेच उभे राहिले. खाली रांग होती, खरोखर लांब, गेटच्या बाहेर गेलेली. इतकी रांग मी त्यांच्या कुठल्याच देखाव्याला बघितली नव्हती. त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ठेव खयतरी."

मी ठेवली. त्यांनी नाही म्हणायला पाहिजे होतं असं मला आजही वाटत नाही. पुढचं वर्ष त्या रांगेतच उभं होतं.

गर्दी वाढली तशी रांग पुढे सरकेना. कार्यकर्ते म्हणाले, निवेदन लांबलचक आहे, लोक ऐकत उभे राहतात. खरं म्हणजे कोणीच ऐकत नव्हतं, पण निवेदन बंद झालं आणि त्या जागी आरत्या लागल्या. काका रोज दुपारी यायचे, बाजूला खांबापाशी उभे राहायचे. निवेदन बंद झालं त्या दिवशीही आले. मी जवळ गेलो. मला त्यांची माफी मागावी असं वाटत होतं, पण कशाची मागायची ते कळेना.

"काका, ते बोलणं बंद केलं त्यांनी."

"दिसतंय." ते साहेबाकडे बघत होते. "आमच्याकडे नवीन आलेल्या पोराला आधी हेच सांगायचे, जे दिसेल ते लिही, जे वाटेल ते लिहू नकोस. मला आता जे दिसतंय ते कसं लिहू सांग."

"लोक थांबले मात्र, काका. मास्तरांचं काम राहील."

"राहू दे बाबा. तेवढं तरी राहू दे," काका म्हणाले. त्यानंतर ते खाली आले नाहीत.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुतळे सोडवत होतो. साहेबाच्या कोटावर गुलाल होता, बुक्का होता, कोणी टोपीला दोरा बांधला होता. अध्यक्ष पेढे घेऊन आला. मास्तरांच्या पाया पडला, मनापासून पडला.

"मास्तर, तुमच्यामुळे मंडळाचं नाव झालं. कधी नव्हे एवढे लोक आले. आता स्पॉन्सर पण मिळालाय, स्वतःहून आला." त्यानं पेढ्यांचा पुडा मास्तरांपुढे धरला. "स्क्रीनवाला आहे. पुढच्या वर्षी सगळी स्क्रीन तोच लावणार. कमिटीत ठरलंय."

मास्तरांच्या हातात पेढा तसाच होता. "पण लोक थांबले मा?"

"थांबले ना. म्हणून तर तो आला. थांबले नसते तर कोण विचारतंय आपल्याला?"

याच्यात चूक कुठं होती ते मी खूपदा शोधलं. जे ठरलं होतं ते सगळं झालं होतं. लोक थांबले होते. अध्यक्षानं फसवलं असंही म्हणता येत नाही, त्याला खरंच आनंद झाला होता आणि त्या आनंदात तो मास्तरांनाही ओढत होता. मास्तर त्याला म्हणाले, "बरा झाला." मग माझ्याकडे वळून, "तो बेल्ट सोडव आधी. रबर ताणलेला ऱ्हवला तर खराब होता." आता बेल्ट कशाला पाहिजे होता, पण मी सोडवला.

दिवाळीनंतर शेड खाली केली. पुतळे कोणी नेले नाहीत. डोकी वेगळी, अंगं वेगळी अशी गेटजवळ पडून होती, मग गाडी आली. चाळीचं पाडकाम निघालं तसे काका तात्पुरत्या राहण्याच्या ट्रान्झिट इमारतीत गेले. जाताना त्यांनी मला बोलावून एक शब्दकोश दिला. शाळेत पुन्हा जा असं काही म्हणाले नाहीत. "अडलं की बघ" एवढंच म्हणाले. मास्तर विरारला मुलीकडे गेले. मला तिथं कोण ठेवणार, आणि गावाकडेही माझ्यासाठी काही शिल्लक नव्हतं. अध्यक्षानंच शब्द टाकला आणि मी त्या स्क्रीनवाल्याकडे लागलो. त्याचेही उपकारच आहेत. मी पाइप उभे करतो, पॅनल वर चढवतो, केबल जोडतो. कोणी माझ्यावर ओरडत नाही. तरी रोज वाटतं की आज काढून टाकतील.

पुढच्या गणपतीत चाळीच्या उरलेल्या आवारात त्याच मंडळाची स्क्रीन मीच बांधली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी मास्तर आले. धुतलेला शर्ट, मुलीनं दिलेली काठी. मी त्यांना समोर खुर्ची दिली. स्क्रीनवर गड होते, ढग होते, घोडे धावत होते, आवाज छातीत बसत होता. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि उठून मागच्या बाजूला गेले. मी पाठोपाठ गेलो, मला भीती वाटली की केबलमध्ये पाय अडकेल.

मागे काही नव्हतं. पॅनलच्या काळ्या पाठी, एकीवर एक. मास्तर मान वर करून बघत राहिले.

"हयसर हलता काय?"

"काही नाही मास्तर. आतले पंखे फिरतात तेवढे."

"पंखे." त्यांनी एका पॅनलला हात लावला. हात थरथरत होता, पण तो पॅनलच्या थरथरण्यात मिसळून गेला. "गरम होता."

"होतंच. दिवसभर चालू असते."

"मग तू काय करतंस?"

"बंद पडली तर फोन करतो. त्यांचा माणूस येतो."

ते हो हो म्हणाले. मला वाटलं आता ते काहीतरी शिकवतील, अमुक स्क्रू आवळ, तमुक ठिकाणी तेल घाल. पण तेल घालायला तिथं काही नव्हतं आणि ते त्यांनी बघितलं होतं. समोरच्या बाजूला लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुठला तरी घोडा उडी मारून गेला असेल.

"जेवलंस काय?" मास्तरांनी विचारलं.

या वेळी मी खरोखर जेवलो होतो. तरी मी नाही म्हणालो, कारण त्यांना हॉटेलात नेऊन समोर बसवायचं होतं. ते म्हणाले, "मग जेव जा. माका गाडी गाठूक व्हयी, उशीर झालो तर पोरगी वाट बघता." मी गेटपर्यंत गेलो. टॅक्सी नको म्हणाले, बसनं जातो म्हणाले. तेवढ्यात वॉकीटॉकीवर मला हाक आली की डाव्या कोपऱ्यातलं एक पॅनल काळं पडलंय, आणि मी त्यांना बस मिळाली की नाही ते न बघताच आत पळालो.